ब्रह्मदेवाचा क्षण, लेकरांचे वर्ष

भागवताच्या दशम स्कंधातील वत्सहरणाची कथा आपण सर्वांनी काल्याच्या कीर्तनात ऐकलेली आहे. यमुनेच्या वाळवंटी गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या, भगवंत मध्ये बसले, ज्याचे त्याचे एकमेकांच्या मुखी जाऊ लागले. इतक्यात वासरे चरता चरता लांब गेली. पोरांनी जेवण टाकून उठू नये म्हणून देव हातातला घास तसाच धरून त्यांना शोधायला निघाले, आणि ती संधी साधून ब्रह्मदेवाने आधी वासरे आणि मग गोपाळ असे दोन्ही लपवून ठेवले. मग भगवंतच वासरे झाले, भगवंतच गोपाळ झाले आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी गेले.

कीर्तनात आमचा सगळा भर देवाच्या ऐश्वर्यावर असतो, आणि तो असायलाच हवा. पण या कथेत एक बारकावा आहे, तिकडे श्रोत्यांचे लक्ष फारसे जात नाही. ब्रह्मदेव परत आला तेव्हा त्याच्या हिशेबाने एक त्रुटी, म्हणजे डोळ्याची पापणी लवायलाही लागत नाही इतका काळ गेला होता. गोकुळात मात्र तेवढ्यात वर्ष उलटले होते. काळ तोच, पण मोठ्याचे माप वेगळे आणि लेकराचे वेगळे.

करोनाच्या दोन वर्षांचा विचार करू लागलो की मला हे माप आठवते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे सदतिसावा हिस्सा. दोन वाऱ्या चुकल्या, काही सोबती गेले, गुडघे थोडे अधिक दुखू लागले. चार वर्षांच्या पोराची दोन वर्षे म्हणजे त्याचे अर्धे आयुष्य. आणि अर्धे तरी कोणते? ज्यात जीभ वळते, बोट वळते, शेजारच्या पोराबरोबर घास वाटून खाण्याची सवय लागते, ते.

सन २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर सारे बंद झाले. शाळा आणि अंगणवाड्या त्याआधीच मिटल्या होत्या. आमच्या सावद्याकडे चैत्रात सप्ताहांची गर्दी असते. त्या वर्षी एकही वीणा उभा राहिला नाही. केळीचे घड बागेत पिकून गळत होते, कारण माल उचलायला व्यापारी येत नव्हता. त्या उन्हाळ्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातील मृत्यूंचे प्रमाण राज्यभर चिंतेचा विषय झाले होते. आमच्यासारख्या वय झालेल्यांना घरातून बाहेर पडू देत नसत, आणि ते योग्यच होते.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. त्या रोगाने लहान मुले क्वचित दगावत. धोका मुख्यतः आम्हा म्हाताऱ्यांना होता. लेकरांना घरात बसवले ते त्यांच्यासाठी थोडे, आमच्यासाठी जास्त. नातू बाहेर खेळून आला तर आजा आजारी पडेल, हे त्यामागचे गणित. यात कुणाचा गुन्हा नव्हता. प्राण वाचवणे हा पहिला धर्म, याविषयी शास्त्रात दोन मते नाहीत. आपद्धर्म त्यासाठीच सांगितला आहे. पण आपद्धर्माने जे सोडले जाते ते फुकट सुटत नाही, त्याचे ऋण होते. आपण देवऋण, ऋषिऋण, पितृऋण म्हणतो. ही सगळी ऋणे लहानांनी मोठ्यांची फेडायची. मोठ्यांवर लहानांचे ऋण चढल्याचा असा प्रसंग आमच्या पिढीने पहिल्यांदाच पाहिला.

त्यावर काही सज्जन म्हणतात, तीन-चार वर्षांच्या पोरांचे असे काय शिक्षण बुडाले? त्यांना कुठे परीक्षा द्यायची होती? आमच्या काळी कुठे होती बालवाडी? आम्ही तर धुळीत लोळून मोठे झालो.

हा पूर्वपक्ष नीट ऐकला पाहिजे, कारण त्याचे उत्तर त्यातच आहे. आम्ही धुळीत लोळलो म्हणजे अंगणात लोळलो, आणि अंगण रिकामे नसे. जात्यावर आजी ओव्या म्हणत असे, ओट्यावर आजोबा सुतळी वळत असत, चुलतभावंडे डझनभर, गाईचे वासरू दारात. दिवसभर शब्द कानावर पडत आणि आपणही काही बोललो की त्याला उत्तर मिळे. बालवाडी नव्हती असे म्हणण्यापेक्षा, सगळे घरच बालवाडी होते असे म्हणणे खरे. आज केळीच्या कामाला सातपुड्याच्या पायथ्याकडून आणि मध्य प्रदेशातून येणाऱ्या मजुराच्या घरी कोण आहे? माय सकाळी घड वाहायला जाते, बाप कापणीला. पोरगे आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या पोराचे अंगण म्हणजे अंगणवाडीच. तीही बंद झाल्यावर त्याच्याकडे खोलीच्या चार भिंती राहिल्या.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे, कीर्तन दुसरे. हा क्रम बाळाच्या शिकण्याचाही आहे. ऐकल्याशिवाय वाणी फुटत नाही. आमच्याकडे मृदंग शिकवताना पोराच्या हाती लगेच मृदंग देत नाहीत. आधी बोल तोंडाने म्हणून घेतात, टाळीवर घेतात, आणि शिकणारा गुरूच्या ओठांकडे पाहत असतो. त्या दिवसांत ओठांवर पट्टी होती. ती हवीच होती. पण बोलायला शिकणाऱ्या लेकराला आईबापाखेरीज दुसऱ्या माणसाचे हलणारे ओठ दिसलेच नाहीत, हेही खरे.

मग म्हणतात, मोबाइलवर शिकवले होते ना? मी त्या वेळी कीर्तनाला उभे राहणे सोडले होते, पण माझ्या परिचयाच्या एका तरुण महाराजांनी घरी मोबाइलपुढे उभे राहून कीर्तन केले. नंतर मला म्हणाले, "बाबा, अभंग सोडला आणि मागे धृपद धरायला कोणी नाही. विहिरीत ओरडल्यासारखे वाटले. विहिरीतून निदान आवाज परत तरी येतो." कीर्तन हे एकट्याचे नाहीच. कीर्तनकार चरण म्हणतो, टाळकरी धृपद उचलतात, श्रोता मान डोलावतो, त्यावरून पुढचा शब्द सुचतो. लेकराचे शिकणे तसेच आहे. सेविकाताई म्हणते, पोरे उचलतात. एखादे उलटेच काही म्हणते, ताई हसते, पुन्हा म्हणते. पडद्यावरचे चित्र बोलत राहते, त्याला पोराच्या बोलण्याशी काही देणेघेणे नसते. त्यातून मजुराच्या घरी मोबाइल एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप रानात.

आता काल्याकडे येऊ. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा आरंभ मेळघाटातील धारणीत झाला. आज राज्यात लाखाच्या घरात अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पूर्वशालेय शिक्षण ही कामे कागदावर वेगवेगळी लिहिलेली असली तरी प्रत्यक्षात ती एका चटईवर घडतात. पोर गरम खिचडीसाठी येते, आले की गाणे म्हणते, गाणे म्हणता म्हणता त्याचे वजन होते. बंदीच्या काळात गरम आहार थांबला आणि घरी कोरडा शिधा पोहोचवला गेला: गहू, डाळ, चणे, तिखट-मीठ. सेविका आणि मदतनीस तो घरोघर घेऊन गेल्या, हे त्यांचे मोठेच काम. पण वारकऱ्याला शिधा आणि काला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. शिधा घरात जातो, घरातल्या सात तोंडांत वाटला जातो. उपाशी घरात तसेच होणार, त्यात पाप नाही. काल्याचा घास मात्र थेट पोराच्या मुखी जातो, आणि शेजारच्या पोराच्या हातून जातो. कोणाची शिदोरी पंचपक्वान्नाची, कोणाची शिळ्या भाकरीची, हे काल्यात ओळखू येत नाही. तीन वर्षांच्या लेकराला समतेचा धडा द्यायला याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही, आणि तेवढीच जागा नेमकी बंद होती.

याच काळात, २९ जुलै २०२० रोजी, नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झाले. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे त्यात म्हटले आहे, म्हणून तीन वर्षांपासूनचे शिक्षण पायाभूत मानले आहे. पाया महत्त्वाचा असे कागदावर लिहिले गेले तेव्हा पाया घालायची जागा कुलूपबंद होती. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रतिबंधित क्षेत्रे सोडून इतरत्र अंगणवाड्या उघडण्याचा निर्णय महिनाअखेर घ्यावा असे राज्यांना सांगितले. लगेच दुसरी लाट आली आणि सारे पुन्हा थांबले.

मग करायला काय हवे होते? साथीत पोरे एकत्र बसवायची का? नाही. तो अधर्मच झाला असता. पण बंद आणि उघडे याच दोन वाटा असतात असे समजायचे कारण नाही. ज्यांनी अंगणवाडी हा शब्द रुजवला त्यांचेच उदाहरण पाहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्राचे काम सुरू केले, १९५७ मध्ये त्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. कोणी धाकट्याला सांभाळी, कोणी गुरे राखी. तेव्हा या बायांनी पोरांना दोष दिला नाही आणि बालवाडी बंदही केली नाही. त्या स्वतः पाड्यावर गेल्या आणि झोपडीपुढच्या अंगणात शाळा मांडली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा नेली. परदेशी खेळण्यांऐवजी बिया, पाने, शिंपले, खडे घेतले. लेकरू येऊ शकत नसेल तर शाळेने चालत जावे, हा त्या शब्दाचा जन्मार्थ आहे. खोली बंद झाली म्हणून अंगणवाडी बंद झाली असे आपण म्हणतो. पण अंगणवाडीला खोली नव्हतीच मुळी, ती पुढे मिळाली.

आणि हे आपल्याला नवे आहे का? त्याच २०२० साली आषाढी एकादशी १ जुलैला आली. पायी वारी थांबली. शेकडो वर्षांचा नेम मोडणार म्हणून कितीजणांच्या डोळ्यांत पाणी आले. पण नेम मोडला नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आमच्या मुक्ताईच्या पादुकाही मुक्ताईनगरहून मोजक्या वारकऱ्यांसह बसने गेल्या, एरवी महिनाभराच्या पायी वाटेची ती वारी. आम्ही घरात राहून हरिपाठ केला. गर्दी टाळली, नेम राखला. देवासाठी आपण एवढी युक्ती काढली, तशीच युक्ती पाच वर्षांच्या पोरासाठी काढता येते, हे माझे म्हणणे. पादुका बसने गेल्या तसे पोरांचे गाणे ओट्यावर जाऊ शकते.

मुक्ताईचे नाव निघाले म्हणून सांगतो. ताटीच्या अभंगांचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानोबा जगाच्या वागण्याने उद्विग्न होऊन ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांना समजावले. तिथे मोठा आत आणि लहान बाहेर. साथीत उलटे झाले. लहान आत कोंडलेली आणि ताटी आम्ही थोरांनी लावलेली. आतल्या चार वर्षांच्या लेकराला अभंग रचता येत नाहीत. ते रडते, किरकिरते, पुढे हळूहळू गप्प होते. त्याच्या वतीने बोलायला दारात कोणीतरी उभे राहायला हवे.

काही ठिकाणी उभे राहिलेही. आमच्या गल्लीतल्या सेविकाताई शिधा द्यायला येत तेव्हा दारात दोन पावले मागे उभ्या राहून पोराला विचारत, "आज कोणती भाजी खाल्ली? तिचा रंग कोणता?" एवढेच. दोन मिनिटांचे काम, मागे वीस घरे बाकी. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली तेव्हा घरोघर ताप मोजण्याच्या कामातही कितीतरी ठिकाणी याच बाया होत्या. सरकार त्यांच्या मोबदल्याला मानधन म्हणते. मान आणि धन दोन्ही शब्द त्यात आहेत, पदरात दोन्ही बेताचेच पडते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निकाल दिला. न्यायालयात जाऊन मिळवावा लागला, हे लक्षात ठेवावे.

साथीत लेकरासाठी चालून जाण्याची महाराष्ट्राची परंपरा याहून जुनी आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यात गेल्या. पोर वाचले. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्यांचा देह पडला. आयुष्यभर पाटी-पेन्सिलीचे काम केलेली बाई शेवटी एका मुलाला उचलताना गेली. शिक्षण आणि प्राणरक्षण हे तिने दोन खात्यांचे काम मानले नव्हते.

"हे सरकारचे काम आहे, आपण भजन करावे" असेही ऐकतो. सज्जनहो, पंढरीच्या वाटेवर पाणी कोण पाजते? दिंडीला पिठले-भाकरी कोण घालते? त्या गावातला कोणी म्हणाला का, की वारकऱ्यांचे पोट हा शासनाचा विषय आहे? सरकारने आपले करावेच, आणि करत नसेल तर विचारावेही. पण शेजारचे लेकरू मुके होत असताना अर्ज कोणत्या टेबलावर आहे याची वाट पाहणे वारकऱ्याला शोभत नाही. लिहिता-वाचता येणारा पंतोजी लेकरासाठी पुन्हा अक्षर गिरवायला बसतो, हा दृष्टांत तुकोबांनी संतांच्या वागण्यासाठी योजला. संतांना समजावून देण्यासाठी त्यांना बालवर्गाची उपमा सुचली, यातच त्या कामाची थोरवी आली.

तेव्हा तीन-चार वर्षांची असलेली पोरे आता प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत आहेत. काहींचे वाचन अजून अडखळते, काही चारचौघांत बोलायला बुजतात. त्यांच्यासाठी अजून पुष्कळ करता येईल, आणि आमच्याकडे वेळच वेळ आहे. गावात म्हातारे किती आहेत बघा. दुपारी पारावर पत्ते कुटणाऱ्या प्रत्येकाला ध्रुवाची, प्रल्हादाची गोष्ट येते. रोज चार पोरे समोर बसवून एक गोष्ट सांगावी, आणि दुसऱ्या दिवशी तीच त्यांच्याकडून ऐकावी. ऐकणे महत्त्वाचे, सांगण्याची हौस आपल्याला असतेच.

आणि साथ पुन्हा येणार नाही असे कोण सांगू शकेल? ती आल्यावर धावपळीत काही सुचत नाही, म्हणून आजच ठरवून ठेवावे. सप्ताहाच्या वर्गणीतून मंडप, ध्वनिक्षेपक, पंगत सगळे होऊन चार पैसे उरतात. ते वेगळे ठेवावेत आणि सेविकाताईंना विचारून त्यातून काय घ्यायचे ते ठरवावे. आपल्याच मनाने रंगीत खेळण्यांचा ढीग आणू नये. कोणत्या गल्लीत तीन ते सहा वर्षांची किती पोरे, कोणाचा ओटा मोकळा आणि सावलीचा, कोणत्या घरची सून किंवा लेक शिकलेली आणि मायाळू, कोणत्या मजूर वस्तीवर कोणीच जात नाही, हे वहीत लिहून ठेवता येते. दिंडीत कोणत्या मुक्कामाला कोण भाकरी घालणार याची वही आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवतोच.

गोकुळातली पोरे वर्षाने सुटली तेव्हा त्यांना वर्ष गेल्याचे कळलेही नाही. देवाला म्हणाली, तू लवकर आलास, तुझ्याविना आम्ही एक घासही खाल्ला नाही. त्यांचे वर्ष कोणीतरी भरून काढले होते. प्रत्येक घरात, प्रत्येक आईपुढे, त्या त्या पोराच्या जागी तो स्वतः उभा राहिला होता. आपल्याला अनेक रूपे धरता येत नाहीत. पण सावद्यासारख्या गावात गल्ल्या मोजक्या आहेत, आणि एका गल्लीला एक म्हातारा पुरतो.